चार सिस्टर आणि एक वाकडी रेघ

शनिवार, ६ सप्टेंबर २०२५

माझा संगणक म्हातारा झाला, हे आज मला त्याच्याच पडद्यावर कळवण्यात आले. चौदा ऑक्टोबरनंतर त्याची देखभाल बंद, नवी प्रणाली त्याला पेलणार नाही, सबब नवा घ्यावा. खाली दोन बटणे: 'आत्ता घ्या' आणि 'नंतर आठवण करा'. 'तुमचे डोके ठिकाणावर आहे का' असे तिसरे बटण नव्हते, नाहीतर मी तेच दाबले असते.

यंत्र अकरा वर्षांचे आहे. रोज सकाळी साडेआठला हजर, एकही रजा नाही. जिल्हा न्यायालयात मी एकोणचाळीस वर्षे लघुलेखिका होते, पण असा सहकारी मला एकही मिळाला नाही. आणि त्याला भंगारात काढायचे, कारण समुद्रापलीकडे कुणाला तरी नवे खपवायचे आहेत!

माझे काम थांबून चालणार नाही. मी शिकले त्या कॉन्व्हेंट शाळेच्या बखरीचा चौथा खंड टेबलावर उघडा आहे. सिस्टर लोकांनी १८५४ पासून रोज लिहिलेली ही बखर जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरात आहे. नुसत्या खालीवर टोकदार रेघा. आज आमच्या या जर्मन गावात, रीडबाखमध्ये, ते अक्षर वाचणारी मी एकटी. तीन खंड टाइप करून झाले. उरली दोनशे बारा पाने. ती माझ्याकडून झाली नाहीत, तर पुढच्यांना ती भिंतीवरच्या नक्षीसारखी दिसतील, बस.

दुपारी संगणकाची पेटी खरेदीच्या ढकलगाडीत घातली आणि चर्चच्या पॅरिश हॉलवर गेले. महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिथे दुरुस्तीचा कॅफे भरतो. लोक टोस्टर, दिवे, रेडिओ आणतात, आणि निवृत्त माणसे ते उघडून केक खात बसतात. संगणकाच्या टेबलावर श्री. राप होते. रेल्वेत सिग्नलवर आयुष्य काढलेले, विधुर, आणि आपल्या कॅथलिक हॉलमध्ये येणारे प्रोटेस्टंट.

"श्टेलेबाई, याला काहीही झालेलं नाही," ते पेटी उघडून म्हणाले.

"ते मला ठाऊक आहे. त्याच्या मालकांना सांगा."

"मालकच बदलू या. आत लिनक्स घालतो. फुकट आहे, कुणाच्या बापाचं नाही. चेहरा मात्र तुम्ही निवडायचा. डेस्कटॉप म्हणतात त्याला. खिडक्या कशा उघडायच्या, पट्टी कुठे, बटणं कुठे. असे डझनभर आहेत."

"सगळ्यात चांगला कोणता?"

हे विचारायला नको होते. टेबलाभोवतीच्या तिघा पुरुषांनी तीन नावे घेतली. मग तिघेही उठून उभे राहिले. एकाने दुसऱ्याच्या डेस्कटॉपला खेळणे म्हटले. तिसरा म्हणाला की एकोणीस वर्षे एकाच डेस्कटॉपवर आहे, लग्नही इतके टिकले नाही. केक तसाच राहिला.

शेवटी श्री. राप म्हणाले, "चार टाकून देतो. एकेक आठवडा वापरा आणि ठरवा. किती दिवसांसाठी हवाय?"

"मरेपर्यंत."

"मग घाई नको. तुमची तब्येत चांगली दिसतेय."

रविवार, ७ सप्टेंबर

चारही डेस्कटॉपची मूळ नावे अगदीच काहीतरी आहेत. एकाचे बागेतल्या बुटक्यावरून, एकाचे दालचिनीवरून, बाकी दोन नुसती आद्याक्षरे. मी त्यांना आमच्या सिस्टर लोकांची नावे दिली. चौघी स्वर्गवासी आहेत. हरकत घेणार असतील तर ती ऐकून घ्यायला मला वर जावे लागेल, आणि आत्ता वेळ नाही.

पहिला आठवडा सिस्टर अ‍ॅडेलगुंडिस, मग फेलिझितास, नोटबुर्गा, शेवटी कुनिगुंडे. ही डायरीही त्या त्या आठवड्यात त्या त्या वर्गात बसून टाइप करायची. शेवटी कुणाच्या वर्गात कायमचे बसायचे ते ठरेल.

बुधवार, १० सप्टेंबर

अ‍ॅडेलगुंडिस. खरी सिस्टर गणित शिकवायची आणि तिच्या वर्गात बाकावर पेन्सिलीखेरीज काही ठेवायची मुभा नव्हती. ही तशीच. टेबल रिकामे. खिडकी दुमडून बाजूला सारायचे बटणसुद्धा काढून घेतले आहे. का, असे विचारले तर उत्तर एकच: तुला त्याची गरज नाही.

शांतता आहे, हे मान्य. पण अक्षरे राखाडीवर राखाडी. लांब शब्दाच्या मधोमध एखादे अक्षर विरून जाते. तरुण माणसांना फिकटपणा म्हणजे सौंदर्य वाटते, आणि त्याची किंमत आपण मोजायची.

बखरीची चार पाने झाली.

शनिवार, १३ सप्टेंबर

आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी ज्याची, त्याच्या दारावर पाटी लागते. या आठवड्यात ती माझ्या दारावर. तळमजल्यापासून माळ्यापर्यंत झाडला, पुसला. तिसऱ्या पायरीची कड झिजली आहे, पाय चुकला. घरमालकाला पत्र टाकले.

फरशीवाल्यालाही पुन्हा बोलावले. न्हाणीघरात त्याने ऑगस्टमध्ये बसवलेल्या फरश्यांची रांग मधोमध पोट काढून आली आहे. पठ्ठ्याने पाणसळ लावली आणि मलाच म्हणतो, "बाई, बुडबुडा बघा, बरोब्बर मध्ये आहे."

मी म्हटले, "बुडबुड्याचं मला सांगू नका, भिंतीचं सांगा."

शुक्रवार, १९ सप्टेंबर

फेलिझितास. खरी सिस्टर आम्हाला इंग्रजी शिकवायची आणि तिला सगळ्यांना आवडायचे असायचे. ही थेट माझ्या जुन्या प्रणालीसारखी दिसते. सगळे जिथल्या तिथे. इतके गोड बोलणारे माणूस मला तीन दिवसच सहन होते.

शिवाय खिडकीची उभी कड थरथरल्यासारखी दिसते, आणि थरथरत्या चौकटीत मी काम करत नाही. बाद.

श्री. राप सहज म्हणून येऊन गेले. सोबत लोणी लावलेले दोन ब्रेत्झेल पाव होते. एक खाल्ले, दुसरे विसरून गेले. केस कापले आहेत.

बुधवार, २४ सप्टेंबर

नोटबुर्गा. खरी स्वयंपाकघरात होती आणि बटाट्याच्या सालींचे सूप करायची. हीसुद्धा काटकसरी. यंत्र कधी नव्हे इतके चपळ झाले आहे. काही मागत नाही, काही बोलत नाही. मला आवडली असती. पण खिडकीच्या कडा सुईइतक्या बारीक, पकडायला गेले की बाण दुसरीकडेच. आणि कड इथेही मध्ये वाकते.

आज हिल्ट्रूडचा फोन. आम्ही दोघी कॉन्व्हेंटात एका बाकावर होतो. तिला चारही डेस्कटॉपची हकीगत सांगितली. तिचे भलतेच.

"तो राप किती वेळा आला?"

"चारदा. एकदा संगणकाची तार विसरला होता."

"अगं इर्मेनगार्ड, तो माणूस संगणकासाठी येत नाहीये."

हिल्ट्रूडला संगणकातले काही कळत नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

कुनिगुंडे!

हिचा जन्म आमच्याच मुलखातला. तीसेक वर्षांपूर्वी तुबिंगेन विद्यापीठात एका विद्यार्थ्याने हे काम सुरू केले, असे श्री. राप अशा स्वरात सांगतात की जणू दुधाची बाटली त्यांनीच धरली होती.

खरी सिस्टर कुनिगुंडे शिवण शिकवायची. तिच्या कपाटाला असंख्य खण होते आणि प्रत्येक खणात आणखी डब्या. पण पहिला टाका घालण्याआधी ती प्रत्येक मुलीचे स्टूल वरखाली करून द्यायची, दिवा डावीकडे हवा की उजवीकडे ते विचारायची. "आधी नीट बसा, शिवण मग," असे म्हणायची. एक मुलगी तिरळी होती. तिच्यासाठी सिस्टरने अख्खे टेबल फिरवले होते.

इथेही तसेच. जे मागाल त्याला खण आहे.

बुधवार, १ ऑक्टोबर

तीन दिवसांत बखरीचे एकही पान झाले नाही. पट्टीचा रंग सात वेळा बदलला. घड्याळ वरून खाली, खालून वर. खिडकी उघडताना कशी उघडावी याचे प्रकार मोजले, मोजता मोजता जेवण करपले. श्री. राप म्हणतात, हा रोग सगळ्यांना होतो. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ सहा वर्षे डेस्कटॉप सजवत आहेत आणि अजून एक पत्र लिहिलेले नाही.

मी आज खण बंद केले. सहा पाने.

पण एक आहे. या कुनिगुंडेच्या खिडकीची उभी कडही मधोमध वाकते. लाट आल्यासारखी. फेलिझितासचे मी सोडून दिले, नोटबुर्गाचेही. हिचे सोडणार नाही. जिच्याबरोबर मरेपर्यंत राहायचे तिच्यातला दोष आधीच काढून घ्यावा.

शनिवार, ४ ऑक्टोबर

दुरुस्ती कॅफे. पेटी घेऊन गेले. श्री. रापांनी हॉलचा मोठा मॉनिटर लावला. त्यावरही तेच. तेव्हा काच निर्दोष, दोष आत आहे. मी न्यायालयात फुकट दिवस काढले नाहीत, पुरावा कसा एकेक वगळत जायचा ते मला कळते.

"मला सरळ दिसतेय," श्री. राप म्हणाले.

"तुम्ही चष्मा तपासून घ्या."

"चाळीस वर्षं सिग्नल बघितलेत मी, श्टेलेबाई. दर वर्षी रेल्वे डोळे तपासायची."

"रेल्वेचं मला सांगू नका, रापसाहेब, आपल्या गाड्या किती उशिरा येतात ते अख्ख्या देशाला माहीत आहे."

टेबलावरचे बाकीचे दोघे हसले. श्री. राप हसले नाहीत. त्यांनी पडद्याकडे पाहण्याऐवजी माझ्याकडे पाहिले. मला ते आवडले नाही. मी त्यांना स्पष्ट सांगितले की डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या, या वयात हयगय बरी नाही. ते म्हणाले, घेतो.

रविवार, ५ ऑक्टोबर

कुनिगुंडे बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावर दोषांची नोंदवही आहे. कुणीही तक्रार मांडू शकतो. ती कशी मांडावी याचे नियम वाचून मन प्रसन्न झाले: काय केले, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय घडले, पुन्हा करून पाहिल्यास पुन्हा घडते का. न्यायालयातल्या वकिलांना हे कोणी शिकवले असते तर माझी कितीतरी पाने वाचली असती.

सिस्टर फेलिझितासच्या इंग्रजीत एकोणीस वाक्ये लिहिली. शेवटचे असे: 'आपला डेस्कटॉप मी उर्वरित आयुष्यासाठी निवडू इच्छिते. म्हणून हा दोष दूर होणे आवश्यक आहे.'

मंगळवार, ७ ऑक्टोबर

उत्तर आले! चेक देशातल्या ब्रनोहून, पावलीना नावाच्या बाईंचे. नोकरी सांभाळून फावल्या वेळात तक्रारी पाहतात. पगार नाही. भाषा सभ्य. त्यांच्याकडे दोष दिसत नाही. स्क्रीनशॉट पाठवाल का?

पाठवला. पाठवण्याआधी नीट पाहिला. चित्रातही कड वाकडीच. छापून काढले. कागदावरही वाकडी. याहून भक्कम पुरावा मी आयुष्यात पाहिलेला नाही.

नेमके तेव्हाच श्री. राप आले (तार विसरली होती). त्यांना कागद दाखवला. त्यांनी टेबलावरची पट्टी उचलून रेघेवर ठेवली.

"बघा. पट्टीला चिकटून आहे."

"पट्टीही वाकडी आहे."

"श्टेलेबाई..."

"प्लास्टिकची आहे. उन्हात वाकली असेल. खिडकीतच पडलेली असते."

त्यांनी पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, डॉक्टरांची वेळ मिळाली, फेब्रुवारीतली आहे, हवी असेल तर ती तुम्ही घ्या. मी म्हटले, माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी घ्यायला सांगितली होती. तार न घेताच गेले.

लाकडी पट्टी आणायला हवी.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

लाकडी पट्टी आणली. दुकानदाराला म्हटले, ही वाकडी आहे. त्याने आणखी एक दिली. तीही.

आज बखरीचे दीड पान. १८९१ सालची सिस्टर फारच गिचमिड लिहिते. ओळीच्या मध्ये शब्द बुडतात.

रविवार, १२ ऑक्टोबर

चर्चमधल्या मिसाहून परतले तर पावलीनाबाईंचे उत्तर. जसेच्या तसे उतरवते.

'तुमचे चित्र मी आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनी ठिपका ठिपका मोजले. रेघ सरळ आहे. पण तुम्ही खोटे लिहिले असे मी म्हणत नाही. तुम्हाला जे दिसते ते खरोखरच दिसते. कृपया एक करून पाहा. हाताने एक डोळा झाका आणि रेघ पाहा. मग दुसरा झाकून पाहा. माझ्या आईने हीच तक्रार आमच्या न्हाणीघरातल्या फरश्यांबद्दल केली होती. आम्ही सहा महिने फरशीवाल्याशी भांडलो.'

काय हा आगाऊपणा, असे म्हणून मी उठले आणि बटाटे सोलायला घेतले.

फरश्यांबद्दल मी या बाईंना एक अक्षर लिहिलेले नाही.

तोच दिवस, नंतर

डावा डोळा झाकला. रेघ लाटेसारखी. मध्ये एक करडा डाग, बोटाने पुसावासा.

उजवा झाकला. रेघ सरळ. आखून घ्यावी इतकी.

न्हाणीघरात गेले. उजवा झाकला. फरश्या सैनिकांसारख्या उभ्या. जिन्यावर गेले. तिसऱ्या पायरीला काहीही झालेले नाही.

मी घाबरले. हे लिहून ठेवते, कारण न्यायालयात मी कुणाचा एक शब्द गाळला नाही, आणि स्वतःचा गाळणे बेइमानी होईल. दोनशे बारातली एकशे बासष्ट पाने उरली आहेत.

सोमवार, १३ ऑक्टोबर

आठ वाजता डोळ्यांच्या दवाखान्याचे फोन सुरू होतात. आठ वाजून एक मिनिटाने मी रांगेत सातवी. तेवीस मिनिटे तेच संगीत. मग एक मुलगी.

"नवीन पेशंट? पहिली वेळ मार्चच्या शेवटी आहे."

"मार्चमध्ये मी बाहत्तर होईन. तुमच्याकडे लोक म्हातारे व्हायला येतात की बरे व्हायला?"

"तुम्ही ओरडू नका हो. तक्रार काय आहे?"

"सरळ रेघ वाकडी दिसते. उजव्या डोळ्याने."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला.

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून, असं आता लक्षात येतंय."

"बाई, आज येता येईल? आत्ता? गाडी तुम्ही चालवू नका."

मला शिव्या देणारे चालतात. मार्च म्हणणारेही चालतात. पण मार्च म्हणणाऱ्या मुलीने 'आत्ता' म्हणावे, तेव्हा खुर्ची धरावी लागते.

श्री. रापांना फोन केला. अकरा मिनिटांत गाडी दारात. काही विचारले नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी हात पुढे केला. मी म्हटले, मला दिसते. ते म्हणाले, "मला माहितेय. मलाच पायऱ्यांची भीती वाटते."

डॉक्टर तरुण मुलगी, पण हाताला थरथर नाही. बुबुळातून आत, तळाशी, एक बारीक रक्तवाहिनी गळते आहे, म्हणून डोळ्याचा पडदा फुगला आहे. डोळ्यात सुई द्यायची, दर महिन्याला. गेलेले थोडे परत येईल, सगळे नाही. राहिलेले वाचवता येईल. डावा डोळा उत्तम.

"आणखी दोन महिने थांबला असतात तर मी काही करू शकले नसते," ती म्हणाली. "कुणी पाठवलं तुम्हाला?"

"ब्रनोच्या एका संगणकवाल्या बाईंनी."

तिने ते लिहून घेतले नाही.

"सुया किती दिवस घ्यायच्या?" मी विचारले.

"बहुधा कायम."

कायमचे काय निवडायचे याचा मला महिनाभर सराव झालेला आहे.

परतताना श्री. राप पहिल्यांदा हसले. "माझी फेब्रुवारीची वेळ अजून तशीच आहे हं. तुम्ही रांग मोडलीत."

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज सुई झाली. दुखत नाही, पण कल्पना मात्र छळते. गेल्या महिन्यात पडद्यावर जी सूचना होती तिच्याप्रमाणे या यंत्राची देखभाल आज बंद झाली. आणि माझी सुरू झाली.

आज पडद्याकडे पाहायचे नाही, असे बजावले आहे. पाहत नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर अ‍ॅडेलगुंडिसच टाइपिंगही शिकवायची. हातांवर भांडी पुसायचा पंचा टाकायची आणि म्हणायची, बोटांना डोळे आहेत. ही नोंद दोन्ही डोळे मिटून टाइप केली आहे. चुका असतील तर सिस्टरला सांगू नये.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

फरशीवाल्याला फोन करून माफी मागितली. तो इतका गोंधळला की त्यानेच माफी मागितली. घरमालकाला पायरीबद्दलचे पत्र परत घेतल्याचे पत्र टाकले.

पट्ट्या तिन्ही ठेवून घेतल्या.

रविवार, १९ ऑक्टोबर

निर्णय. कुनिगुंडे.

कृतज्ञतेपोटी नव्हे. कृतज्ञतेपोटी माणसाने मेणबत्ती लावावी, डेस्कटॉप निवडू नये. पावलीनाबाई अ‍ॅडेलगुंडिसच्या पक्षात असत्या, तरी मी तिला बाद केले असते.

कारण असे. बाकीच्या तिघींनी मला आपल्यासारखे बसायला सांगितले. हिने विचारले, तुला कसे बसायचे आहे. आज दुपारभर एकेक खण उघडला आणि या वेळी रंगांसाठी नाही. पट्टी डाव्या कडेला. अक्षरे दीडपट. पार्श्वभूमी काळी, अक्षर पिवळसर. खिडकीच्या कडा जाड, बोटाएवढ्या. बाण हरवला की माउस हलवायचा, तो फुगून बटाट्याएवढा होतो. आणि सगळी कामे बोटांनी, माउसला न शिवता: एक कळ बखरीची, एक डायरीची, एक शब्दकोशाची. उद्या उजवा डोळा रुसला, तरी मला ही खोली अंधारातही माहीत असेल.

तिरळ्या मुलीसाठी टेबल फिरवणारी ती सिस्टर. तेव्हा आम्ही बाकीच्या हसलो होतो. मी सगळ्यात मोठ्याने.

शनिवार, ८ नोव्हेंबर

दुरुस्ती कॅफे. (पहिल्या तारखेला सर्व संतांचा दिवस, म्हणून आज.) टेबलावरच्या तिघांनी एका सुरात विचारले, काय ठरले? सांगितले. एक खूश, दोन नाराज. नाराजांपैकी एकाने माझी चूक समजावून द्यायला सुरुवात केली. श्री. राप म्हणाले, "केक खा रे. बाईंनी विचार करून निवडलंय, आणि निवडलं की त्या बदलत नाहीत."

असे ते का म्हणाले कोण जाणे. आणि लाल का झाले तेही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दुसरी सुई. रेघेची लाट बरीच बसली आहे. करडा डाग आहे तिथेच. राहू दे. त्याच्या बाजूने वाचता येते.

रविवार, १६ नोव्हेंबर

बखर: आजवर नव्वद पाने, एकशे बावीस शिल्लक. १८९१ ची सिस्टर गिचमिड लिहीत नव्हती. तिचे अक्षर सुरेख आहे. तिचीही माफी मागितली, मनातल्या मनात.

मग दोषांच्या नोंदवहीत जाऊन माझी तक्रार उघडली. ती अजून 'प्रलंबित' दिसत होती. प्रलंबित प्रकरण टाकून जाणे माझ्या रक्तात नाही. खाली लिहिले:

'दोष तक्रारदाराच्या उजव्या डोळ्यात आढळला. दुरुस्ती दर चार आठवड्यांनी चालू. तुमची रेघ सरळ आहे. प्रकरण बंद करावे.'

आणि शेवटी एक वाक्य, जे नियमांत बसत नाही: 'तुमच्या आईला फरश्या आता कशा दिसतात?'

तासाभरात उत्तर आले. 'एका डोळ्याने सरळ. दुसऱ्यासाठी आम्ही उशिरा गेलो. तुम्ही वेळेत गेलात, हे तिला आज जेवताना सांगितले. तिने दुसऱ्यांदा सूप वाढून घेतले.' त्याखाली प्रकरण बंद झाल्याची नोंद.

पडदा थोडा वेळ तसाच ठेवला. मग बखरीचे पुढचे पान उघडले.

बाहेर जिन्यावर कुणीतरी झाडते आहे. दार उघडून पाहिले तर श्री. राप. या आठवड्याची पाटी माझ्या दारावर आहे हे खरे, आणि सुईनंतर आठवडाभर वाकू नये असे डॉक्टरांनी सांगितले आहे हेही खरे. पण ते या इमारतीत राहत नाहीत. संगणक तर केव्हाच नीट चालला आहे. दर दोन दिवसांनी हा माणूस येतो तरी कशाला, हे मला अजून उमगलेले नाही.

तिसऱ्या पायरीचा कोपरा त्यांनी सोडला आहे. मला इथून स्पष्ट दिसतो. जाऊन सांगते.